मुंग्या पाळायच्या, तर आधी हात आवरायला शिका

जूनचा मध्य उलटला की इंदुरात एखाद्या संध्याकाळी पहिला दमदार पाऊस कोसळतो. पुढच्या एक-दोन दिवसांत हवा दमट होते, वारा पडतो आणि दिवेलागणीला गॅलरीतल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. बहुतेक घरांत अशा वेळी दिवा मालवतात आणि खिडक्या लावून घेतात. मुंग्या पाळणाऱ्यांचं वर्ष मात्र इथून सुरू होतं. राणी मुंगी हाती लागण्याची खरी संधी पावसाळ्यातल्या अशा मोजक्या संध्याकाळींनाच असते, आणि राणी नसेल तर मुंग्या पाळण्याला काही अर्थ नाही.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की लहान मुलं (आणि उत्साही मोठी माणसंही) काचेच्या बरणीत माती भरतात, अंगणातल्या शंभरेक मुंग्या झाडूनं गोळा करून आत टाकतात आणि झाकणाला भोकं पाडतात. चार दिवस बोगदे खणले जातात, मजा वाटते. मग मुंग्या मंदावतात आणि एकेक करून मरतात. अमेरिकेत १९५६ साली बाजारात आलेलं ‘अँट फार्म’ हे खेळणं याच तऱ्हेचं होतं. त्यात फक्त कामकरी मुंग्या येत, म्हणून त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. मुंग्यांचा असा हकनाक बळी घेण्याची काहीच गरज नाही.

वसाहतीत आपल्याला फिरताना दिसतात त्या सगळ्या मुंग्या माद्या असतात, आणि एकाच राणीची वसाहत असेल तर सगळ्या तिच्याच लेकी. त्या अन्न आणतात, पिल्लांना भरवतात, घर खणतात, साफ ठेवतात, राखण करतात, पण पुढची पिढी घडवणं त्यांच्या हातात नसतं. ते राणीचं काम. कामकरी मुंगी काही महिने जगते, फार तर वर्ष-दोन वर्षं. राणीचं आयुष्य त्या मानानं प्रचंड. जॉन लबक या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात दोन काचांच्या मधल्या फटीत मुंग्या पाळल्या होत्या, त्याच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. युरोपात सगळीकडे आढळणाऱ्या लॅसियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी तर पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. राणीला नळीत घेणं हा म्हणूनच एका सुट्टीपुरता निर्णय नसतो.

राणी ओळखायची कशी

ट्यूबलाइटखाली पडलेल्या किड्यांतले बरेचसे मुंग्या नसतातच, ती वाळवी असते. पहिल्या पावसानंतर वाळवीचेही पंखवाले नर-मादी जमिनीतून बाहेर पडतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा खच दिसतो तो बहुतेकदा त्यांचाच. दोघांतला फरक एकदा नीट पाहिला की पुन्हा चूक होत नाही. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ, मण्यांच्या माळेगत, आणि कंबर जवळपास नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान, मिशा कोपरात वाकवल्यासारख्या आणि कंबर अगदी बारीक. वाळवीची जोडी चुकून नळीत ठेवलीत तर त्यातून मुंग्या निघणार नाहीत आणि घरातल्या लाकडी चौकटींना ते बरंही नाही.

मुंगी आहे हे ठरलं, तर पुढचा प्रश्न: राणी, नर की कामकरी? नर अंगानं सडपातळ असतो, डोकं बारीक, डोळे मोठे. मीलनानंतर तो लवकरच मरतो. मोठ्या काळ्या मुंगळ्यांत मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या असतात, लोक त्यांना सैनिक म्हणतात, आणि नवखा माणूस हमखास त्यांनाच राणी समजतो. डोक्याकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं. राणीच्या छातीचा भाग फुगीर, पाठीवर उंचवटा असलेला असतो, कारण तिथे उडण्याचे स्नायू भरलेले असतात. कामकरी मुंगीची छाती चिंचोळी असते. पंख गळालेल्या राणीच्या त्याच उंचवट्याच्या बाजूंना पंख निखळल्याच्या खुणा दिसतात. अशी पंख टाकलेली राणी भिंतीच्या कडेनं, झाडाच्या बुंध्याशी, ओल्या फरसबंदीवर घाईघाईनं चालताना दिसली तर तिचं मीलन बहुतेक झालेलं असतं आणि ती बीळ शोधत असते. तीच घ्यायची.

कोणत्या जातीची? पहिल्यांदा पाळणाऱ्यानं मोठा काळा मुंगळाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आणि त्याचं पहिलं वर्णन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७८७ साली केलं. आपल्या इंदुरात रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांखाली, नेहरू पार्कात, कॉलनीतल्या कडुनिंबाच्या मुळाशी तो हटकून सापडतो. हिंदी बोलणारे शेजारी त्याला मकोडा म्हणतात. राणी दीड सेंटिमीटरहून मोठी असते, डोळ्यांना सहज दिसते. नांगी नसते. चिडला तर कडकडून चावतो आणि चाव्यावर फॉर्मिक ॲसिड सोडतो, ते चुरचुरतं, तेवढंच. अंगानं मोठा असल्यामुळे बारीक फटींतून निसटत नाही, आणि तब्येतीनं काटक आहे.

याउलट स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या बारीक मुंग्यांच्या वाटेला जाऊ नका. फॅरो मुंगीसारख्या जातींत एका वसाहतीत पुष्कळ राण्या असतात आणि चार मुंग्या एका राणीसह निसटल्या तरी भिंतीत नवं घर होतं. जोरदार डंख मारणारी लाल मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, मुळात मध्य व दक्षिण अमेरिकेतली. तिला घरात आसरा देऊ नये. झाडाच्या खोडावर एकटीदुकटी फिरणारी, काळं डोकं, तांबूस छाती आणि काळं पोट असलेली लांबट मुंगी दिसली तर बोटानं उचलूच नका. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा हे तिचं नाव, तिचा डंख फार जहाल असतो आणि काही माणसांना त्याची गंभीर ॲलर्जी येते.

भारतातल्या मुंग्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत ८२८ जाती-उपजाती आहेत. त्यातल्या पाळण्याजोग्या मोजक्याच, आणि एकट्या मुंगळ्यात बघण्यासारखं इतकं आहे की पहिली काही वर्षं दुसरीकडे बघायची गरज पडत नाही.

बंद दाराआडचे दोन महिने

आता या सगळ्या छंदातला सगळ्यात विलक्षण आणि सगळ्यात नाजूक भाग येतो.

राणी आयुष्यात एकदाच, त्या उड्डाणाच्या वेळी, नरांशी मीलन करते. मिळालेलं शुक्रबीज ती पोटातल्या एका लहानशा पिशवीत साठवते आणि पुढची सगळी वर्षं त्यातूनच काटकसरीनं वापरते. अंडं बाहेर पडताना तिनं थोडं शुक्रबीज सोडलं, तर त्यातून मादी जन्मते. नाही सोडलं, तर फलन न झालेल्या त्या अंड्यातूनही जीव जन्मतो, आणि तो नर असतो. मुंग्यांमध्ये नराला बाप नसतो, हे पहिल्यांदा ऐकलं की खोटं वाटतं, पण मधमाश्या आणि गांधीलमाश्यांतही हेच चालतं. म्हणून मीलन न झालेली राणी पकडलीत तर तीही अंडी घालू शकते, पण त्यातून कामकरी एकही निघत नाही.

जमिनीवर उतरल्यावर राणी आपले पंख स्वतःच पायांनी मोडून टाकते, बीळ खणते आणि आतून दार बंद करते. मुंगळ्याची राणी यानंतर बाहेर येत नाही. काही खात नाही. मग अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना ती भरवते काय? स्वतःचं अंग. उडण्यासाठी लागणारे ते छातीतले भरघोस स्नायू आता कधीच लागणार नसतात, ते ती आतल्या आत विरघळवते. त्यातून आणि पोटातल्या चरबीतून तयार झालेला रस तोंडावाटे अळ्यांना मिळतो. म्हणजे तिच्याकडे शिधा मोजून मापून असतो. पहिल्या खेपेला पाच-दहा कामकरी मुंग्या वाढवण्याइतकाच.

इथे पाळणाऱ्याचा हात आडवा येतो. उत्सुकतेपोटी रोज नळी उचलली, उजेडात धरली, टिचकी मारली, की राणी घाबरते. घाबरलेली राणी अंडी तोंडात धरून कोपऱ्याकोपऱ्यात पळत राहते, आणि धोका फारच वाटला तर ती अंडी खाऊन टाकते. यात क्रूरपणा नाही. शत्रू दाराशी आलाय, पिल्लं वाचणार नाहीत, तर निदान त्यातला शिधा वाया जाऊ नये, असा तो हिशेब आहे. पण तो शिधा पुन्हा अंड्यांत घालताना काही भाग खर्ची पडतोच, आणि दोन-तीनदा असं झालं की तिच्याजवळ पुरेसं काही उरत नाही. राणी मेल्याच्या तक्रारी ऐकल्या तर पुष्कळदा मूळ कारण हेच निघतं.

त्यामुळे तिला बाळंतिणीच्या खोलीत ठेवल्यासारखं ठेवायचं: अंधार, ऊब, ओलावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मज्जाव. त्यासाठी लागणारं सामान अगदी थोडं आहे. काचेची किंवा प्लास्टिकची टेस्ट ट्यूब, बोटाएवढ्या जाडीची आणि वीतभर नसली तरी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास लांब. इंदूरच्या दवा बाजारात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, शाळांना विज्ञानाचं साहित्य पुरवणाऱ्यांकडेही मिळते. नळीचा तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्यानं भरायचा. औषधाच्या दुकानातला कापूस घेऊन घट्ट बोळा करायचा आणि काडीनं आत ढकलत पाण्याला टेकवायचा, इतकाच की बोळा भिजेल पण पलीकडे पाणी झिरपणार नाही. मध्ये हवेचा फुगा राहू देऊ नका. उरलेल्या कोरड्या जागेत राणी सोडायची आणि तोंडाला दुसरा, सैलसर कोरडा बोळा लावायचा, म्हणजे हवा खेळती राहते. ओल्या बोळ्यातून तिला लागेल तेवढा ओलावा महिनोन् महिने मिळत राहतो.

मग नळीला काळा कागद गुंडाळायचा आणि कपाटात, हादरे बसणार नाहीत अशा खणात आडवी ठेवायची. फ्रिजवर नको, वॉशिंग मशीनजवळ नको, दार धाडकन आपटतं त्या कपाटात नको. आठवड्यातून एकदा, क्षणभर बघायचं. लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर आणखी बरं, कारण बहुतेक मुंग्यांना लाल रंगाचा उजेड फारसा दिसत नाही आणि आपल्याला मात्र त्यातून आतलं दिसतं.

अंडी अगदी बारीक, पांढुरकी, एकाला एक चिकटलेली. त्यातून बिनपायांच्या अळ्या, आणि अळ्यांभोवती विणलेले पिवळसर तपकिरी कोष. मुंग्या तोंडात धरून नेत असलेली ‘अंडी’ आपण पावसाळ्यात पाहतो, ती बहुतेकदा हे कोषच असतात. अंड्यापासून पहिली मुंगी बाहेर पडेपर्यंत महिना ते दोन महिने जातात. ऊब जास्त असेल तर लवकर, कमी असेल तर उशिरा. पहिल्या खेपेच्या मुंग्या फार लहान, फिकट आणि भित्र्या असतात. त्या पिल्लं नाहीत. मुंगी कोषातून बाहेर पडली की तिची वाढ संपली, ती तेवढीच राहते. शिधा कमी होता म्हणून राणीनं थोडक्यात भागवलं, इतकंच. पुढच्या खेपा जास्त खाऊन मोठ्या निघतात, आणि वसाहत पुरेशी वाढली की मोठ्या डोक्याच्या मुंग्याही दिसू लागतात.

राणीला या काळात साखरपाणी द्यावं का, असं बरेच जण विचारतात. मुंगळ्याच्या राणीला द्यायची गरज नाही. आत टाकलेलं अन्न बुरसतं आणि त्या बुरशीनं जास्त नुकसान होतं.

खाणं

पहिल्या मुंग्या बाहेर आल्या की तुमचं काम सुरू होतं. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तिला फक्त पातळ चालतं. तिच्या अंगात दोन पोटं असतात असं म्हणता येईल: एक स्वतःसाठी, आणि त्याच्या आधी एक मोठी पिशवी, सगळ्यांसाठी. बाहेर गेलेली मुंगी ही पिशवी भरून येते आणि घरातल्या मुंगीच्या तोंडाला तोंड लावून घासभर रस देते, तिच्याकडून तो पुढे जातो, आणि काही तासांत एका मुंगीनं आणलेलं गोड पाणी सगळ्या वसाहतीत पोहोचतं. साखरपाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर हे डोळ्यांना दिसतंही, कारण पोटाच्या ताणलेल्या पडद्यांतून रंग झळकतो. मुलांना हे एकदा जरूर दाखवावं.

घन पदार्थ पचवतात त्या अळ्या. म्हणजे घरातलं सगळ्यात लहान बाळ हेच घरचं जठर. मोठ्यांना धावपळीसाठी साखर लागते, अळ्यांना वाढीसाठी प्रथिनं. एक भाग साखर आणि तीन-चार भाग पाणी, त्यात भिजवलेला कापसाचा मणी ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवायचा. उघडं पाणी ठेवलं तर मुंग्या बुडतात. रविवारच्या जिलेबीचा पाकही पाणी घालून चालेल, पण रंग-इसेन्स घातलेला बाजारी पाक टाळावा. प्रथिनांसाठी किडा: घरमाशी, नाकतोडा, रातकिडा, किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानांत मिळणाऱ्या अळ्या. किडा गरम पाण्यातून काढून, तुकडे करून द्यावा, म्हणजे त्याच्या अंगावरचे बारीक कोळीवर्गीय किडे वसाहतीत शिरत नाहीत. ट्यूबलाइटखाली पडलेली पंखवाली वाळवी मुंग्यांना अत्यंत प्रिय असते.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मेलेला किडा फ्रिजमध्ये ठेवू देणार नाहीत, आणि ते मला समजतं. अशा घरात उकडलेल्या अंड्याचा कणभर बलक चालतो का ते बघावं. तोही चालत नसेल तर मुंगळा पाळू नये, कारण अळ्या उपाशी ठेवून वसाहत वाढत नाही. त्याऐवजी दाणे गोळा करणारी मुंगी बघता येईल. मोकळ्या मैदानात बिळाच्या तोंडाभोवती तुसांचं गोल कडं दिसतं, ते यांचं काम. ट्रायकोमिर्मेक्स स्केब्रिसेप्स ही त्यातली एक. गवताचं बी, राजगिरा, खसखस, बाजरी असं काही आणून त्या चावून चावून मऊ करतात. त्याही मिळाला तर किडा खातात, पण त्यांचा मुख्य आधार धान्य. माळव्यात मुंग्यांच्या बिळाशी पीठ-साखर घालण्याची रीत अजून टिकून आहे. त्या घरांतल्या आजींना ही दाणे वेचणारी मुंगी काचेतून पाहायला मिळाली तर फार आवडेल, याबद्दल मला शंका नाही.

शिळं अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. मुंग्या स्वतः कचरा एका कोपऱ्यात नेऊन टाकतात, मेलेल्या मुंग्याही तिथेच. मेलेली मुंगी ओळखतात त्या वासावरून. एडवर्ड विल्सन या अमेरिकन मुंगी-अभ्यासकानं १९५८ साली दाखवलं, की मेलेल्या मुंगीच्या अंगात तयार होणारं ओलेइक ॲसिड जिवंत मुंगीला लावलं तर इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्यात नेऊन ठेवतात, ती पाय झाडत असली तरी. अंगाचा तो वास पुसून टाकेपर्यंत तिला घरात घेत नाहीत. बोलणं, ओळख, धोक्याची हाक, अन्नाची वाट, सगळं मुंग्यांकडे वासातच चालतं. म्हणून अत्तर, सॅनिटायझर किंवा सिगारेटचा वास असलेल्या हातानं त्यांच्या घरात काही ठेवू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डासांचं औषध. ज्या खोलीत रात्रभर डासांचं लिक्विड किंवा कॉइल चालू असते, त्या खोलीत मुंग्या ठेवू नका. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं डासांपुरती नसतात, कीटकमात्रांना लागू पडतात. मुंग्यांसाठी ओढायचा खडू, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, सगळ्याचं तेच. फवारणी झालेल्या घरातलं झुरळ खाद्य म्हणून देणं म्हणजे विष भरवणं. पावसाळ्यात डासांचा उपद्रव आणि राण्यांचा हंगाम एकदमच येतो, तेव्हा खोली आधी ठरवून ठेवा.

घर, माती आणि इंदूरचा उन्हाळा

नळीतल्या नळीत वीस-पंचवीस मुंग्या सुखानं राहतात. घाईनं मोठं घर दिलं तर त्या बुजतात, ओलावा टिकत नाही, आणि कचरा आतच टाकत राहतात. मुंगळ्याची वसाहत पहिल्या वर्षी फार हळू वाढते, पहिला हिवाळा येईपर्यंत काही डझन झाल्या तरी पुष्कळ. त्या वेळी नळी एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवून तोंडाचा बोळा थोडा सैल करायचा. डबा हे त्यांचं अंगण.

पुढे घर करायचं तर बांधकामाच्या साइटवर तुटके एएसी ब्लॉक (फेसाळ काँक्रीटच्या मोठ्या विटा) मिळतात. हलके, सच्छिद्र, स्क्रू-ड्रायव्हरनं कोरता येणारे. त्यात बोटभर रुंदीच्या खोल्या आणि जोडणारे बोगदे कोरायचे, वर काच बसवायची आणि एका कडेला पाणी घालायला खोबण ठेवायची. त्यामुळे एका बाजूला ओल, दुसरीकडे कोरडं असा उतार तयार होतो आणि अंडी कुठे, कोष कुठे ठेवायचे हे मुंग्या स्वतः ठरवतात. अंडी-अळ्या बहुधा ओलीकडे आणि कोष कोरड्याकडे नेताना दिसतील. फ्रेंच अभ्यासक शार्ल जानेनं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी प्लास्टरची अशी घरं केली होती, कल्पना तीच आहे. आपल्या माळव्याची काळी माती मात्र आत भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि भेगेत राणी चिरडली जाऊ शकते. मातीच हवी असेल तर वाळू आणि थोडी लाल माती.

मुंग्या निसटू नयेत म्हणून डब्याच्या कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात. वाळल्यावर पांढरा गुळगुळीत थर राहतो आणि त्यावर पाय टिकत नाही. पण ऐन पावसाळ्यात दमट हवेनं तो थर निकामी होतो. तेव्हा आपल्या आजीच्या फडताळाचाच उपाय: परातीत पाणी आणि मधोमध डबा. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील. आणि समजा चार मुंगळे निसटलेच, तर घरच्यांना सांगा की त्यांच्यापासून घरात वसाहत होत नाही. कामकरी मुंगी राणी बनत नाही.

चोवीस ते तीस अंश तापमान मुंगळ्याला मानवतं. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काचेच्या घरावर पाऊण तास ऊन आलं तरी आत भट्टी होते, म्हणून खिडकीजवळची जागा कायमची बाद. घरातली सगळ्यात थंड भिंत निवडा आणि पाणी जास्त वेळा घाला. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातात. तेव्हा मुंग्या गोळा होऊन बसतात, खाणं कमी होतं, राणी अंडी घालणं थांबवते. नवखे लोक इथे घाबरतात आणि हीटर लावतात. काही करू नका. पाणी असू द्या, आठवड्याला थोडं साखरपाणी द्या. मार्चमध्ये त्यांच्या त्या पुन्हा कामाला लागतील.

जुन्या नळीतला कापूस काळा पडला किंवा पाणी संपलं, तर मुंग्यांना झटकून बाहेर काढायचं नाही. नवी तयार नळी जुनीच्या तोंडाला जोडायची, नवी अंधारात ठेवायची आणि जुनीवरचा कागद काढायचा. एक-दोन दिवसांत, कधी आठवड्यात, त्या आपण होऊन बिऱ्हाड हलवतात. अळ्या, कोष आणि शेवटी राणी.

कुठून आणायची, कुठून नाही

मुंग्या आपल्याच गावच्या घ्याव्यात. यावर मी ठाम आहे. परदेशात या छंदाचा मोठा बाजार झाला आहे आणि त्याची किंमत दुसरीकडे चुकवली जाते. एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, त्यांत प्रामुख्यानं आफ्रिकेतल्या मोठ्या दाणे वेचणाऱ्या मुंगीच्या राण्या होत्या. त्या कापसाच्या बोळ्यांसह नळ्यांत भरलेल्या होत्या, म्हणजे वर सांगितलेलीच युक्ती, फक्त चोरीसाठी वापरलेली. कोर्टानं मे महिन्यात प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षाची कैद सुनावली. प्रश्न फक्त चोरीचा नाही. मुंगी परक्या जागी सुटली की काय होतं, ते हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर दिसलं. बाहेरून आलेल्या ‘पिवळ्या वेड्या मुंग्यां’नी (यलो क्रेझी अँट ही एक जात) तिथले लाल खेकडे कोट्यवधींच्या संख्येनं मारले आणि जंगलाचं रूपच पालटलं. म्हणून बाहेरून राणी विकत मागवणं, दुसऱ्या राज्यातून आणणं, प्रवासातून खिशात घालून आणणं, यातलं काही करू नये.

वारूळ किंवा बीळ खणून राणी काढायलाही जाऊ नका. राणी फार खोल असते, ती बहुधा सापडत नाही आणि अख्खी वसाहत उद्ध्वस्त होते. उड्डाणानंतर जमिनीवर उतरलेल्या राण्यांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या बहुसंख्य पाली, बेडूक, पक्षी आणि दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात. रस्त्यावरून उचललेल्या एका राणीनं निसर्गाचं काही बिघडत नाही. मात्र रालामंडलसारख्या अभयारण्यातून मुंगीसुद्धा आणायची नाही, तिथला कायदा वेगळा आहे आणि तो योग्यच आहे.

एक अडचण इंदुरातल्या मराठी घरांत हमखास येते. बारावीतल्या मुलानं किंवा मुलीनं राणी वाढवलेली असते, तिसऱ्या वर्षी वसाहत शेकड्यांत गेलेली असते, आणि तोवर पुण्याला किंवा बंगळुरूला शिकायला जायची वेळ येते. वसाहत सोबत नेऊ नये. घरात कोणी घ्यायला तयार असेल तर त्याला खाणं, पाणी आणि डासांच्या औषधाचा नियम लिहून द्यावा. नसेल तर गावातल्याच दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा जीवशास्त्र शिकवणाऱ्या शाळा-कॉलेजला विचारावं. यातलं काहीच जमलं नाही, आणि तुमच्याकडे त्या काळात दुसऱ्या कुठल्या गावच्या मुंग्या नव्हत्या, तरच वसाहत बाहेर सोडावी. ती पावसाळा सुरू झाल्यावर, माती मऊ असताना, सकाळी, जिथून राणी उचलली होती त्याच भागात आणि दुसऱ्या मुंगळ्यांच्या बिळापासून लांब. नळी झाडाच्या मुळाशी आडवी ठेवून वर पालापाचोळा घालावा आणि दोन दिवसांनी रिकामी नळी आठवणीनं उचलून आणावी.